औषध याला लागू पडू नये

गेल्या भाद्रपदात म्हाळाच्या दिवशी भाचीने कावळ्यासाठी पानं वाढली. परसातल्या दगडी गडग्यावर एक पान माझ्या आईवडिलांचं, एक माझ्या बायकोचं, एक तिच्या आईचं, म्हणजे माझ्या बहिणीचं. मी मागच्या दारात खुर्ची टाकून बसलो होतो. म्हटलं, "आणि तुझ्या वडिलांचं?"

तिने वर पाहिलं नाही. "ज्याने औषध सोडून दारू धरली त्याला माझ्या हातचं पान नाही, मामा. दरवर्षी काय विचारतोस?"

दरवर्षी मी विचारतो हे खरं. दरवर्षी तेच उत्तर येतं आणि ते ऐकून दरवर्षी मला बरं वाटत असे. या वेळी वाटलं नाही. ऐंशी ओलांडून मला चार वर्षं झाली. मी गेल्यावर हे करणाऱ्याच्या तोंडून कोणाला कळणार नाही, म्हणून लिहितो. तिचा बाप औषध सोडून दारूकडे गेला नाही. त्याचं औषध मी बंद पाडलं. तेही अशा रीतीने, की गाव मला चांगला म्हणाला आणि त्याला दारुडा.

मी रत्नागिरीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. घर मिरजोळ्याच्या पुढच्या एका वाडीत. रोज सायकलने जायचो-यायचो. बायको लग्नानंतर चार वर्षांत गेली, मूल नव्हतं. धाकट्या बहिणीचं लग्न मी करून दिलं. मुलगा दाभोळकडचा, मुंबईत एका खानावळीत भटारी. हाताला चव होती, बोलायला गोड होता. स्थळ मीच पसंत केलं होतं.

लग्नानंतर काही वर्षांनी बहीण एसटीतून एकटी उतरली. कडेवर दोन वर्षांची मुलगी आणि उजवं मनगट टॉवेलात गुंडाळलेलं. नवऱ्याने पिऊन दाराच्या आडण्याने मारलं होतं. हाडवैद्याने मनगट बसवलं, ते वाकडं बसलं. तेव्हापासून ती नारळ डाव्या हाताने खवायची. आमच्याकडे नारळ खवल्याशिवाय सकाळ होत नाही. उजव्या हाताने खवलं की त्या आवाजाला लय असते. तिचा आवाज अडखळायचा, थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. सात वर्षं मी अंथरुणात पडल्या पडल्या तो आवाज ऐकला. सात वर्षं रोज सकाळी त्या माणसाला मी मनातल्या मनात मारलं. कधी आडण्याने, कधी पाट्याने.

मग तो स्वतःच्या पायांनी आला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नवरात्र संपत आलं होतं. दुपारी मी जेवायला घरी आलो, तर पायरीवर एक माणूस बसलेला. प्रथम ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, मान बारीक झालेली. पाय धुवायला त्याने पाणी मागितलं नाही.

"दादा, ती आत आहे ना? तिला हाक नका मारू. आधी हा कागद बघा."

कागद मुंबईच्या एका इस्पितळाचा होता. रक्ततपासणीचा.

"सख्ख्या भावांकडे का नाही गेलात?" मी विचारलं.

"गेलो होतो की. आधी दाभोळलाच उतरलो. वहिनीने चहाची वाटी काठीने माझ्याकडे लोटली." हे सांगताना तो हसला. "काठी बरीच लांब होती, दादा. खास शोधून आणली असणार."

मला हसू आलं नाही. पण आनंद झाला, हे लिहायला हवं. माझ्या बहिणीचा हात मोडणारा माणूस माझ्या पायरीवर कुत्र्यासारखा बसला होता.

संध्याकाळी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्याला बाहेरच्या बाकावर बसवून डॉक्टरांनी मला पडद्याआड बोलावलं.

"पेपरात तो नवा रोग येतो ना, एड्स? तो आहे याच्या रक्तात."

"कुठून आला?"

"ते विचारून आता तुला काय करायचंय? त्या रोगाला औषध नाही. असलं तर आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. पण खोकला क्षयाचा आहे, आणि क्षयाला औषध आहे. नऊ महिने, रोज सकाळी उपाशीपोटी. एक दिवस चुकवायचा नाही. एवढं पार पाडलं तर काही वर्षं काढील तो."

"आणि दारू?"

"सोडायलाच हवी, लिव्हर बिघडतं. पण नीट ऐक. प्यायला म्हणून गोळी चुकवायची नाही. लोक हीच चूक करतात. पोटात दारू आहे, वर गोळी गेली तर विष होईल, असं म्हणून गोळी टाळतात आणि मरतात. दारू सुटली नाही तरी गोळी सुटता कामा नये. डोळे पिवळे दिसले तर मला सांग, बाकी मी बघतो. कळलं?"

"कळलं."

कळलं होतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं. पुढे मी जे केलं त्यात अडाणीपणाचा अंशही नव्हता.

बहिणीबद्दल डॉक्टरांनी विचारलं. ती सात वर्षं वेगळी आहे, असं मी सांगितलं. "मग तिला भीती नाही. तशीच वेगळी राहू दे. ताटवाटीने, कपड्याने हा रोग लागत नाही. खोकल्याची काळजी घ्या, पोरीला जरा लांब बसव," ते म्हणाले.

बहिणीने सगळं ऐकून घेतलं. चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "मांगरात राहू दे त्याला. जेवण मी देईन. औषध तू दे, दादा."

"तूच का नाही देत?"

"मी दिलं आणि तो बरा झाला, तर मला माझाच राग येईल. आणि नाही दिलं, तर पोर उद्या मला विचारील. तुझ्या हातनं होऊ दे."

मांगर म्हणजे घरामागची गवत-लाकडं ठेवायची खोपी. मी ती साफ केली, खाट टाकली. औषध माझ्या ताब्यात आलं आणि त्याच रात्री माझ्या डोक्यात गाऱ्हाणं आलं.

आमच्या गावात दारू सोडवायची एक रीत होती. पिणाऱ्याला ग्रामदेवासमोर उभं करायचं, नारळ ठेवायचा, गुरव देवाला गाऱ्हाणं घालणार आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'होय महाराजा' म्हणणार. शब्द ठरलेले असत: हा पुन्हा दारूला शिवला तर दारू याच्या तोंडाला कडू लागू दे. असं घातलेलं गाऱ्हाणं सोडवताही येत असे. पण ज्याने ते घालायला लावलं, त्यानेच पुन्हा नारळ घेऊन देवासमोर उभं राहायचं आणि सोडव म्हणायचं. दुसऱ्या कोणाच्या म्हणण्याने ते सुटत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गुरवाकडे गेलो आणि शब्द बदलून मागितले.

"औषधाला कशाला मधे आणता?" गुरव म्हणाला. "दारूचं दारूशी बोलू."

"तो दारू कडू होण्याला भीत नाही. मरणाला भितो."

गुरवाने मान खाजवली. "तुम्ही कंपाउंडर. औषधातलं तुम्हाला ठाऊक."

माझ्या धंद्याची पत मी तिथे वापरली.

दसऱ्याला सकाळी देवळात वीसपंचवीस माणसं होती. मेव्हण्याने माझंच धोतर नेसलं होतं. नारळावर हात ठेवून तो उभा राहिला आणि गुरवाने सूर लावला.

"बा देवा महाराजा! हे परगावचं लेकरू आज तुझ्या पायरीला लागलंय. आजपासून दारूला शिवणार नाही असा शब्द देतंय."

"होय महाराजा!"

"शब्द राखला तर औषधाला यश दे. आपल्या पोराबाळांत याला उभा कर."

"होय महाराजा!"

"आणि शब्द मोडला तर औषध याला लागू पडू नये. पोटात जाईल त्याचं विष होऊ दे."

इथे माणसं थबकली. असलं गाऱ्हाणं कोणी ऐकलं नव्हतं. त्या शांततेत पहिला आवाज माझा होता. "होय महाराजा." मग बाकीचे म्हणाले.

परतताना तो माझ्यामागून चालत होता. म्हणाला, "दादा, जरा जास्तच घातलंत हो."

"प्यायचंच नाही, तर जास्त काय नि कमी काय, भावोजी?"

"तेही खरं," तो म्हणाला आणि पुन्हा हसला. त्याचं ते हसणं मला फार लागायचं. मी जिंकलोय हे त्याला कळतच नाही, असं वाटायचं.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी कॅप्सूल घेऊन मांगरात जाऊ लागलो. कॅप्सूलची डबी मी देवघरात ठेवली होती, समईशेजारी. मी म्हणायचो, "भावोजी, तोंड उघडा." तो लहान मुलासारखं तोंड उघडायचा. गिळल्यावर जीभ उचलून दाखवायला लावायचो. त्याची गरज नव्हती. मला ते आवडायचं.

पहिल्याच आठवड्यात तो परसातून ओरडत आला. "दादा, रक्त पडतंय! लघवी लाल!"

"कॅप्सूलचा रंग आहे तो. लाल दिसतंय तोवर औषध पोटात आहे असं समजा."

"म्हणजे मी आतून रंगतोय काय, पालखीच्या दांडीसारखा?"

घरात माझी बहीण हसली. तिचं हसणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. ते त्याच्या बोलण्याने आलं.

तो बरा होऊ लागला. खोकला बसला, अंगावर मांस आलं. भाची नऊ वर्षांची होती; ती मांगराच्या दाराबाहेर जांभ्याच्या दगडावर बसायची आणि तो आतून तिला खानावळीतल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवायचा. पौषात ती त्याला 'बाबा' म्हणू लागली. तोवर ती 'ते' म्हणायची.

आणि एके सकाळी मी जागा झालो तर स्वयंपाकघरातून नारळाचा आवाज नाही. तो मांगरातून येत होता. सरसर, एका लयीत. त्याने आदल्या संध्याकाळी विळी मागून नेली होती. खवलेला नारळ केळीच्या पानाखाली झाकून त्याने मागच्या पायरीवर ठेवला. बहिणीने तो उचलला. आमटीत घातला. त्या दिवसापासून रोज तेच.

कोणीही म्हणेल, यात वाईट काय? सात वर्षं जो आवाज ऐकून मी त्याला मारत होतो, तो आवाजच त्याने बंद करून टाकला. बहिणीने त्याला माफ केलं की नाही ते मला माहीत नाही, पण तिने तो नारळ घेतला. मला कोणी विचारलं नाही. घरात त्याचा सूड घेणारा मी एकटाच उरलो, आणि तो माझ्या हातच्या औषधाने माझ्यासमोर जाडा होत होता. ते मला बघवेना.

शिमगा जवळ आला. आमच्याकडे शिमग्यात देवाची पालखी घरोघर फिरते, पुढे ढोल. ढोल वाजवणाऱ्याला घरोघर पाजतात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. वाडीतले लोक आले: "कंपाउंडर, एका ढोलाला माणूस कमी पडतोय."

मी म्हटलं, "आमचे भावोजी छान वाजवतात."

बहीण आतून बाहेर आली. "दादा, त्याला कशाला? ढोलवाल्याला पाजतातच, तुला काय ठाऊक नाय?"

"त्याने देवाला शब्द दिलाय. आणि पालखी देवाचीच आहे."

तो स्वतः नको म्हणाला. दोनदा म्हणाला. मग मी भाचीकडे बघून म्हटलं, "काय गं, बाबांचा ढोल ऐकायचा ना?" तिने टाळ्या वाजवल्या. त्याने ढोल गळ्यात अडकवला.

पहिल्या दिवशी तो कोरडा परत आला. दुसऱ्या दिवशी नाही.

तिसऱ्या सकाळी मी मांगरात गेलो तर तो आधीच खाटेवर उठून बसला होता. मी वास घेण्याआधी त्याने सांगितलं. "दादा, काल एक पेला माडी घेतली. गर्दीत हातात दिला कोणीतरी. अर्धी सांडली, अर्धी पोटात गेली. खोटं नाही सांगत."

आणि त्याने सवयीने तोंड उघडलं.

त्या घटकेला माझ्याजवळ डॉक्टरांचं वाक्य होतं. प्यायला म्हणून गोळी चुकवायची नाही. ते बोलून कॅप्सूल जिभेवर ठेवली असती तर माझ्या भाचीला बाप राहिला असता, निदान काही वर्षं. मी कॅप्सूल तळहातावर घेतली, पुढे केली आणि हळू आवाजात म्हणालो, "घ्या, भावोजी. फक्त गाऱ्हाणं आठवा."

त्याने कॅप्सूलकडे पाहिलं. मग तोंड मिटलं.

मी जबरदस्ती केली नाही. औषध दडवलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन गेलो, हात पुढे केला, तेच शब्द हळूच म्हणालो. त्याने मान हलवली. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी. एक सकाळ चुकवली नाही. भाची शाळेची वेणी घालून मांगराच्या दारात उभी असायची. मामा औषध पुढे करतोय आणि बाबा नको म्हणतोय, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिचे डोळे खोटं बोलत नव्हते. म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलं.

दारू त्यानंतर सुरू झाली. औषध लागू पडणारच नाही म्हटल्यावर त्याने ठरवलं असेल, आता राखायचं कशासाठी? वाडीमागच्या उजाड माळावरच्या भट्टीवर जाऊ लागला. लोक म्हणतात, दारूपायी औषध सुटलं. क्रम उलटा होता. आधी औषध सुटलं.

औषध सुटल्याचं बहिणीला लघवीच्या रंगावरून कळलं असावं; का सुटलं ते त्यानेच सांगितलं असेल. ती गुरवाकडे गेली. गुरव संध्याकाळी माझ्याकडे आला.

"कंपाउंडर, एक नारळ घ्या नि चला. दोन शब्दांचं काम. तो मरायला टेकलाय भीतीने."

"आठवडाभर अद्दल घडू दे त्याला."

आठवड्याने आला तेव्हा म्हटलं, दवाखान्यात गर्दी आहे. नंतर म्हटलं, भावकीत सुतक आहे. सुतक खरंच होतं, लांबचं, तीन दिवसांचं. मी ते तेरा दिवस पाळलं. बहीण सकाळी पुन्हा डाव्या हाताने नारळ खवू लागली, कारण मांगरातून आता विळीचा आवाज येत नव्हता. तो आवाज पुन्हा ऐकून मला वाटलं, झालं ते योग्यच झालं.

चैत्र संपता संपता तो दवाखान्यात आला. वाडीपासून रत्नागिरीपर्यंत चालत आला होता. मी बाटल्यांवर खुणेच्या कागदपट्ट्या चिकटवत होतो. तो फळीला धरून उभा राहिला. तोंडाला लवंगेचा वास होता, दारूचा नव्हता.

"तीन दिवस घेतली नाही. वास बघ हवं तर."

"दिसतंय."

"दादा, चल ना देवळात. पोरीसाठी चल. मी तिला शब्द दिलाय, तिच्या दहावीला पेढे मी करणार म्हणून."

हे सगळं त्याने 'अरे-तुरे' करून म्हटलं. लग्नापासून तो मला 'तुम्ही' म्हणत होता. तो किती खाली आलाय, हे मला त्यावरून कळलं. मी मात्र मान राखून बोललो.

"येतो की, भावोजी. तुम्ही फक्त एक करा. तिचं मनगट सरळ करून आणा. त्या दिवशी मी नारळ घेऊन देवळात उभा राहतो."

हे वाक्य मी सात वर्षं तयार करत होतो असं मला वाटतं. ते तोंडातून गेलं तेव्हा अंगावर काटा आला. सुखाचा.

त्याने फळी सोडली. म्हणाला, "मारायचं तर तू मार ना. हक्क आहे तुझा. देवाच्या हातनं कशाला मारतोस?"

आतून डॉक्टरांनी विचारलं, "कोण आहे रे?"

पडद्यापलीकडे, दहा पावलांवर ते बसले होते. त्यांच्यासमोर त्याला उभं केलं असतं तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं की देवाचा यात काही संबंध नाही, घे गोळी. मी म्हणालो, "कोणी नाही, डॉक्टर." आणि त्याचा कोपर धरून त्याला रस्त्यापर्यंत पोचवून आलो. त्या दिवशी डब्यातली भाकरी मला पुरली नाही. समोरच्या हॉटेलातून उसळ मागवून खाल्ली.

वैशाखात तो गेला. दुपारची वेळ होती. शेवटचे काही दिवस त्याला धड बोलता येत नव्हतं. तोंडात पांढरे चट्टे आले होते, पाणी गिळलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर घरी आले होते. मला म्हणाले, "अरे, हा तर सुधारत होता. औषध?"

"मी रोज देतो. घेत नाही. पितो."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. डॉक्टरांनी निःश्वास टाकला. "दारुडे असेच. तू तुझं केलंस."

त्याला उचलायला माणसं येईनात. रोगाचं नाव तोवर बाहेर आलं होतं. ते मी फोडलं नव्हतं. एवढं एक पाप माझं नाही. चौघे मिळालो, पुढचा खांदा माझा. स्मशानातून येताना लोक म्हणाले, मेव्हणा असावा तर असा. मी ते ऐकून घेतलं. ज्यांनी माझ्यामागोमाग 'होय महाराजा' म्हटलं होतं तेच हे लोक. त्यांतल्या एकालाही पुढे कधी ते गाऱ्हाणं आठवलं नाही. गुरवाला आठवत होतं. तो माझ्याकडे बघायचा बंद झाला आणि दोन वर्षांनी वारला.

तेराव्यानंतर बहीण देवघरासमोर उभी होती. "ती डबी उचल, दादा. देवासमोर नको."

मी डबी उचलली. आत कॅप्सूल तशाच होत्या, लालभडक.

"पोरीला मी सांगणार नाही," ती म्हणाली. "आत्ता कळलं तर ती तुला तुटेल, नि तुझ्याशिवाय तिला कोण आहे? ती मोठी झाली की तू सांग. तुझ्या तोंडाने."

भाची कॉलेजात असताना बहीण गेली. मी सांगितलं नाही. भाची शिक्षिका झाली, स्थळं आली. चांगली होती. प्रत्येक वेळी ती विचारायची, "घेतो का?" कोणी म्हणे कधीतरी, सणासुदीला. ती उठून आत जायची. "देवासमोर दिलेला शब्द जो पाळत नाही, पोरीने वाजवलेल्या टाळ्या ज्याला पुरत नाहीत, तशाच्या जातीचा माणूस मला नको." तिने लग्न केलं नाही. त्या टाळ्या मी वाजवून घेतल्या होत्या, हे तिला माहीत नव्हतं.

आणखी एक. माझा त्या माणसावरचा राग अजून गेलेला नाही. मी केलं त्याचा मला पश्चात्ताप होतो आणि त्या माणसाचा मला रागही येतो, दोन्ही एकाच वेळी. आडण्याने हात मोडणारा तोच आणि नारळ खवून पानाखाली झाकून ठेवणाराही तोच, हे मला अजून एका माणसात बसवता येत नाही. देवाला मात्र मी फुकट बदनाम केलं. त्याने काहीच केलं नव्हतं.

तर म्हाळाच्या त्या दुपारी मी तिला सांगितलं. कावळे शिवून गेले होते, ती पानं उचलत होती. मी म्हटलं, बस. ती गडग्यावर बसली. मी सगळं सांगितलं, वर लिहिलंय त्याच क्रमाने. तिने मधे फक्त वर्गात विचारावेत तसे प्रश्न विचारले.

"डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं?"

"हो."

"आई तुझ्या पाया पडली होती का, चल म्हणून?"

"नाही. तिने फक्त गुरवाला पाठवलं."

"मी दारात उभी असायचे."

"असायचीस."

"तू काहीतरी हळू बोलायचास. मला वाटायचं, तू त्याला विनवतोयस." तिने हातातली पानं बाजूला ठेवली. "मी शाळेत बाईंना सांगायचे, माझा मामा रोज विनवतो."

मग ती उठली. आत जाऊन आणखी एक पान घेऊन आली. डाळ, भात, वडे, खीर, सगळं होतं त्यावर. ते तिने गडग्यावर ठेवलं आणि कावळा येईपर्यंत उन्हात उभी राहिली. तास-दीड तास लागला असेल. मी खुर्चीतून उठलो नाही.

मला रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या मिळून चार गोळ्या आहेत. आधी ती त्या चहाच्या बशीत ठेवून शाळेत जायची. मी कधी घ्यायचो, कधी विसरायचो. आता सकाळी सातला ती गोळ्या तळहातावर घेऊन खाटेशी येते.

"तोंड उघड, मामा."

मी गिळतो. ती जीभ उचलायला लावते. बघते आणि जाते. त्याशिवाय घरात फारसं बोलणं होत नाही.

परवा मी म्हणालो, "एक नारळ आण. देवळात जाऊ, ते गाऱ्हाणं सोडवतो मी."

"कोणासाठी?" ती म्हणाली.

काल मी म्हणालो, "आजच्या दिवस नको देऊस गोळी. कंटाळा आलाय."

ती खाटेच्या कडेवर बसली. आवाज चढवला नाही. "एकही दिवस चुकायचा नाही, मामा. तुला मी पुष्कळ जगवणार आहे."

आणि तिने हात पुढे केला. मी तोंड उघडलं.